एकाला रात्रीच ऑपरेशन, दुसऱ्याला सोमवारची तारीख: कवटीतलं रक्त कुठल्या थरात आहे?

प्रश्न थोडक्यात असा. केज तालुक्यातलं घर, वडील ७१ वर्षांचे. महिन्यापूर्वी गोठ्यात पाय घसरला आणि डोकं दावणीवर आपटलं. टेंगूळ आलं, दोन दिवसांत उतरलं. आता उजवा पाय ओढतात आणि बोलताना शब्द अडकतो. सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा’ आलं आणि डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली. त्याच आठवड्यात गावातला २२ वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला. त्याच्या रिपोर्टवर ‘एक्स्ट्राड्यूरल’ होतं आणि त्याला रात्री दोन वाजता ऑपरेशनला घेतलं. रक्त दोघांच्याही डोक्यात, मग एकाला तासाभरात आणि दुसऱ्याला चार दिवसांनी, असं का?

दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. दोघांचंही रक्त मेंदूच्या आत नाही. ते कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या आवरणांत साचलं आहे. कुठल्या आवरणाच्या वर किंवा खाली, आणि धमनीतून की शिरेतून, एवढं कळलं की हातात मिनिटं आहेत, तास आहेत की दिवस, याचा अंदाज बांधता येतो. नातेवाइकांना नुसतं ‘मेंदूत रक्तस्राव’ सांगितलं जातं आणि हा सगळा फरक त्या दोन शब्दांत बुडून जातो.

कवटीच्या आत तीन आवरणं. पहिलं ड्यूरा. ते चामड्यासारखं चिवट असतं आणि खोबरं करवंटीला चिकटावं तसं हाडाला आतून चिकटलेलं असतं. त्याच्या खाली ॲरॅक्नॉइड, कोळ्याच्या जाळ्यासारखं. सगळ्यात आत ‘पाया मेटर’, थोडक्यात ‘पाया’, मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरणारा पातळ पापुद्रा. ॲरॅक्नॉइड आणि पाया यांच्यामध्ये पाण्यासारखा द्रव खेळत असतो आणि मेंदूच्या मोठ्या धमन्या त्यातूनच जातात. हाड आणि ड्यूरा यांच्यामध्ये रक्त साचलं तर एक्स्ट्राड्यूरल (यालाच एपिड्यूरलही म्हणतात), ड्यूराच्या खाली साचलं तर सबड्यूरल आणि त्या पाण्यात मिसळलं तर सबॲरॅक्नॉइड.

आधी मुलाचं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून साधारण दोन बोटं मागे, कानशिलावर, कवटीचं हाड फार पातळ असतं. त्याच्या आतल्या बाजूला एक खाच आहे आणि त्या खाचेतून मिडल मेनिंजियल नावाची धमनी जाते. तिथे हाड तडकलं की धमनी फाटते. रक्त धमनीच्या दाबाने येतं आणि ड्यूराला हाडापासून सोलत पुढे जातं. सोलायला जोर लागतो, म्हणून रक्त पसरत नाही, एका जागी फुगतं. सीटीवर ते मसुराच्या दाण्यासारखं, दोन्ही बाजूंनी फुगीर आणि पांढरं दिसतं. कवटीच्या हाडांचे सांधे जिथे आहेत तिथे ड्यूरा शिवल्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे हा डाग सहसा सांधा ओलांडत नाही. वय वाढेल तसा ड्यूरा हाडाला जास्त चिकटतो, म्हणून साठीपुढच्या माणसात हा प्रकार कमी आणि तरुणांत जास्त.

सगळ्यांत फसवणारी गोष्ट म्हणजे मधला शुद्धीचा काळ. माणूस पडतो, मिनिटभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, नाव-गाव सांगतो, ‘काही झालं नाही’ म्हणतो. कवटीत मेंदू, रक्त आणि पाणी मिळून साधारण दीड लिटरचा ऐवज ठासून भरलेला असतो. साचलेल्या रक्ताची गाठ वाढू लागली की आधी पाणी मणक्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि तेवढ्यावर वेळ निघतो. ती सोय संपली की पुढच्या चार-पाच मिलीलिटरनेसुद्धा दाब झपकन चढतो. म्हणून तासभर नीट बोलणारा माणूस पुढच्या पंधरा मिनिटांत घोरायला लागतो. हा शुद्धीचा काळ प्रत्येकात दिसत नाही, निम्म्यांहून कमी रुग्णांत दिसतो. पण ज्याच्यात दिसतो त्याला घरी पाठवलं जातं, म्हणून तो जास्त घातक.

गाळप हंगामात सोलापूर-धुळे महामार्गावर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवर दिवे नसलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांना दुचाकी मागून धडकते. उन्हाळ्यात लेकरं माळवदावरून झोपेत खाली पडतात. दोन्हीकडे घरचे तेच म्हणतात, ‘बोलत होता की चांगला.’ त्यातल्या दुचाकीवाल्याने दोन घोट घेतले असतील तर आणखी घोळ. दारूचा वास येतोय म्हणून गुंगी दारूची आहे, असं कधीही गृहीत धरू नका. दारू प्यालेला माणूस तासागणिक शुद्धीवर येत जातो. जो तासागणिक खाली जातो त्याला स्कॅन लागतो.

स्कॅन कुणाला लागतोच? दोन किंवा जास्त उलट्या झाल्या, वय ६५ च्या पुढे आहे, दोन तासांनंतरही भान पूर्ण आलेलं नाही, मार लागण्याआधीच्या अर्ध्या तासातलं काही आठवत नाही, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येतंय, डोळ्याभोवती किंवा कानामागे काळंनिळं झालंय, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडला, गाडीने उडवला, गाडीतून बाहेर फेकला गेला, झटका आला, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. यातलं एकही असेल तर टेंगूळ किती मोठं ते बघत बसू नका. टेंगूळ कवटीच्या बाहेर असतं. ‘टेंगूळ आलं म्हणजे रक्त बाहेर निघालं, आता आत काही नाही’ हा समज अगदी चुकीचा आहे.

बाहुल्या बघणं घरच्यांनाही जमतं. अंधाऱ्या जागी मोबाइलची टॉर्च डोळ्यासमोरून नाही, बाजूने आणायची आणि दुसऱ्या डोळ्यावर हाताची आड धरायची. ज्वारीचा दाणा साधारण चार मिलिमीटरचा. दोन्ही बाहुल्या त्याच्या आसपास असल्या आणि उजेडाला लगेच आकसल्या तर ठीक. एक बाहुली वाढत चालली, उजेडाला सुस्त झाली, तर बहुतेक वेळा गाठ त्याच बाजूला असते आणि मेंदूचा खालचा कोपरा सरकून डोळ्याच्या नसेवर दाबतोय. त्यानंतर नाडी मंदावते, रक्तदाब चढतो, श्वास अडखळतो. ही शेवटची पायरी असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली मुळातच वेडीवाकडी असू शकते, ते आधी विचारून घ्या.

गाठ किती मोठी, हे मोजायची सोपी रीत आहे. ज्या चित्रात गाठ सगळ्यात मोठी दिसते त्यात लांबी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजायची, गाठ जेवढ्या कापांत दिसते त्यावरून उंची काढायची (पाच मिलिमीटरचा काप असेल तर कापांची संख्या गुणिले अर्धा), तिन्हींचा गुणाकार करून दोनने भागायचं. सहा गुणिले दोन गुणिले पाच, भागिले दोन: ३० मिली. दोन मोठे चमचे पाणी एवढंच ते. पण एक्स्ट्राड्यूरल ३० मिलीच्या वर असेल तर माणूस कितीही शुद्धीत असला तरी ऑपरेशन. त्याहून लहान, जाडी १५ मिलिमीटरच्या आत, मेंदूची मधली रेषा पाच मिलिमीटरपेक्षा कमी सरकलेली, हातपाय सारखे चालतात आणि भान चांगलं आहे, तर न्यूरोसर्जन हजर असलेल्या दवाखान्यात भरती ठेवून, ठरावीक तासांनी पुन्हा स्कॅन करून थांबता येतं. ते थांबणं दवाखान्यातलं, घरचं नाही.

ऑपरेशनमध्ये हाडाची एक झाकणी काढतात. खाली कलेजीसारखा घट्ट, काळसर लाल गोळा असतो. तो काढून धमनी जाळून बंद करायची आणि ड्यूरा कडेकडेने हाडाला टाके घालून वर ओढून धरायचा. नाहीतर तीच पोकळी पुन्हा भरते. मेंदूला स्वतःला फारसा मार नसतो, म्हणून बेशुद्धी यायच्या आत गाठ निघाली तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. कोमात गेल्यावर काढली तर तसं सांगता येत नाही.

आपल्याकडे खरी अडचण अंतराची. औंढा असो, भूम असो की गेवराई, सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही एका छताखाली मिळेपर्यंत तास-दोन तास जातात. त्यात आधी एका दवाखान्यात सलाईन, मग दुसऱ्याकडे नुसता स्कॅन, मग तिसरीकडे भरती असं झालं तर ज्या रुग्णाला वाचायची सगळ्यात जास्त संधी होती तोच वाटेत जातो. १०८ ला फोन लावतानाच दुसऱ्या माणसाने पुढच्या दवाखान्यात न्यूरोसर्जन आत्ता हजर आहेत का, ते विचारावं. तालुक्याच्या डॉक्टरांना हात जोडून एक विनंती: चिठ्ठीवर ‘अनकॉन्शस, रेफर्ड’ एवढंच लिहू नका. शुद्धीचे गुण मांडून असं लिहा: ‘रात्री ९.४०, डोळे हाकेला उघडतो ३, बोलणं गोंधळलेलं ४, सांगितलं तसं हात उचलतो ६, एकूण १५ पैकी १३. बाहुल्या दोन्ही ३ मिमी, आकसतात. नाडी ८८, बीपी १३०/८०.’ पुढे १०.४० ला तोच माणूस नऊवर आला आणि उजवी बाहुली पाचची झाली, तर या एका ओळीमुळे पुढच्या सर्जनला वेग कळतो. तो वेग स्कॅनमध्ये दिसत नाही.

वाटेत काय? हेही डॉक्टरांसाठीच. मान सरळ आणि डोकं ३० अंश वर. मणक्याचा संशय असेल तर मान न वाकवता सगळं स्ट्रेचरच वरच्या बाजूने उचलायचं. श्वासाची वाट मोकळी, ऑक्सिजन चालू. वरचा रक्तदाब ११० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. एकदा दाब पडला आणि ऑक्सिजन कमी झाला की मेंदूचं नुकसान झपाट्याने वाढतं. सलाईन नॉर्मल सलाईनच. पाच टक्के डेक्स्ट्रोज लावू नका, त्यातली साखर वापरली गेली की उरलेलं पाणी मेंदूची सूज वाढवतं. मॅनिटॉल (मेंदूवरचा दाब उतरवणारं औषध) २० टक्क्यांचं असतं, म्हणजे १०० मिलीत २० ग्रॅम. डोस किलोला पाव ते एक ग्रॅम, १५ ते २० मिनिटांत. बाहुली मोठी होत असलेल्या ६० किलोच्या माणसाला एक ग्रॅमच्या हिशोबाने ३०० मिली लागतं. शंभरची एक बाटली थेंबथेंब तासभर चालवून फार काही साधत नाही. लघवीची नळी आधी घाला, आणि दाब पडलेला असेल तर मॅनिटॉल थांबवा. थंडीत बाटलीत खडे धरतात, ती कोमट पाण्यात ठेवून खडे विरघळवल्याशिवाय लावू नका. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध) एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत, पण मार लागल्यापासून तीन तासांच्या आत. २०१९ च्या मोठ्या जागतिक चाचणीत सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांना त्याचा फायदा दिसला. डोक्याच्या मारात डेक्सा (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) देऊ नका. स्टेरॉइडने मृत्यू वाढतात, हे २००४ मध्येच सिद्ध झालं आहे, तरी सवय जात नाही. झटका आला आणि फेनिटॉइन द्यायचं ठरलं तर किलोला २० मिलिग्रॅम, नॉर्मल सलाईनमध्येच (डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो), मिनिटाला ५० मिलिग्रॅमहून जलद नाही.

सबड्यूरलचं गणित वेगळं. मेंदूवरून ड्यूराच्या मोठ्या शिरांकडे बारीक शिरा जातात, पुलासारख्या. डोकं झटक्यात थांबलं की मेंदू आत सरकतो आणि या शिरा ताणून तुटतात. ड्यूराखाली रक्ताला मोकळी जागा असते, त्यामुळे ते अर्ध्या मेंदूवर कोयत्याच्या पात्यासारखं पसरतं, सांधे ओलांडतं, पण मधला पडदा ओलांडत नाही. ताजं, म्हणजे तीन दिवसांच्या आतलं सबड्यूरल हे तिन्हींतलं सगळ्यात वाईट. शिर तुटण्याएवढ्या धक्क्यात मेंदूही चिरडलेला असतो. जाडी दहा मिलिमीटरच्या वर किंवा मधली रेषा पाचच्या वर सरकली असेल तर कवटी उघडावी लागते, आणि मेंदू फार सुजला असेल तर हाड काही महिने बाहेरच ठेवतात. एवढं करूनही अनेक रुग्ण दगावतात, हे नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगावं.

आता वडिलांचं, म्हणजे तीन आठवड्यांपेक्षा जुनं सबड्यूरल. वयाने मेंदू थोडा आकसतो, त्या शिरा आधीच ताणलेल्या असतात. दावणीचा साधा ठोसा पुरतो. थोडं रक्त साचतं, काही त्रास होत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर त्याभोवती एक पातळ पिशवी तयार करतं, आणि त्या पिशवीत नव्या, ठिसूळ केशवाहिन्या उगवतात. त्या झिरपत राहतात. आतलं रक्त गोठत नाही, पातळच राहतं. म्हणून गाठ हळूहळू वाढते आणि मेंदूला तेवढा वेळ जुळवून घेता येतं. १०० मिली साचलं तरी माणूस चालत ओपीडीत येऊ शकतो, तो यामुळेच. तुमच्या वडिलांची तारीख सोमवारची असण्याचं कारणही हेच, आणि मधले दिवस बहुधा रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर उतरायला दिलेले असतील. पण तोपर्यंत झोपाळूपणा वाढला, उलटी झाली, झटका आला किंवा हात पूर्ण गळाला, तर सोमवार विसरा आणि त्याच रात्री निघा.

या आजारात होणारी मोठी चूक म्हणजे लकवा समजून घरी ठेवणं, किंवा त्याहून वाईट, स्कॅन न करताच ॲस्पिरिन सुरू करणं. वयस्क माणसाला अर्धांगासारखं काही झालं तर पहिला घास ॲस्पिरिनचा नको, पहिला स्कॅन. दुसरी चूक म्हणजे ‘वयामुळे विसरतात’ म्हणून सोडून देणं. आठ-पंधरा दिवसांत चाल बदलली, लघवीचं भान गेलं, आज बरे उद्या गोंधळलेले असा चढउतार दिसला, तर तो म्हातारपणाचा वेग नाही. मार लागल्याचं आठवतही नाही अशीही बरीच माणसं असतात.

स्कॅन वाचणाऱ्यांसाठी एक सापळा. ताजं रक्त पांढरं दिसतं, तीन आठवड्यांनंतरचं काळपट, आणि मधल्या काळात ते नेमकं मेंदूच्याच रंगाचं होतं. दोन्ही बाजूंना सारखं असेल तर मधली रेषाही सरकत नाही. ७५ वर्षांच्या माणसाचा मेंदू तरण्यासारखा भरलेला दिसला, घड्या हाडापर्यंत पोचत नाहीत, तर कौतुक करू नका, पुन्हा बघा. हिमोग्लोबिन आठच्या खाली असलेल्या बाईत ताजं रक्तसुद्धा पांढरं दिसत नाही. आपल्या भागात ऊसतोडीवरून आलेल्या बायांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ऑपरेशन बहुतेक वेळा फक्त त्या जागेपुरती भूल देऊन होतं. केस काढून, गाठीच्या सगळ्यात जाड भागावर साधारण रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक किंवा दोन भोकं पाडतात. ड्यूरा काटकोनात छेदला की गाडीच्या जुन्या ऑइलसारखा काळपट द्रव दाबाने उसळून येतो, आणि टेबलावरचा माणूस कधी कधी तिथेच नीट बोलायला लागतो. मग शरीराच्या तापमानाला आणलेल्या सलाईनने, उतारा स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. पोकळीत हवा अडकू नये म्हणून शेवटी सलाईन भरून घ्यायचं आणि मऊ नळी ठेवायची. ही नळी ४८ तास राहते. २००९ च्या केंब्रिजमधल्या चाचणीत नळी ठेवलेल्यांत सुमारे नऊ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, न ठेवलेल्यांत २४ टक्क्यांना. पिशवी डोक्याच्या पातळीखाली लोंबती हवी. रुग्णाला उठवताना, कुशीवर वळवताना ती उशीवर ठेवू नका, नाहीतर आतलं परत वर जातं. डेक्सामेथासोनच्या गोळ्या देऊन बघायचा प्रयत्न २०२० च्या चाचणीत मागे पडला, सहा महिन्यांनंतर त्या रुग्णांत चांगल्या स्थितीतले उलट कमी निघाले. अलीकडे मिडल मेनिंजियल धमनी कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) नळी घालून आतून बंद करतात, कारण त्या पिशवीला रक्त तिथूनच जातं. २०२४ मधल्या काही चाचण्यांत त्याने गाठ पुन्हा भरण्याचं प्रमाण घटलं. वारंवार भरणाऱ्या गाठीला हा पर्याय विचारून बघा.

तिसरा प्रकार सबॲरॅक्नॉइड. मारामुळे झालेला असेल तर रक्त मेंदूच्या वरच्या घड्यांत पातळ रेषांसारखं दिसतं, आणि नुसतं तेवढंच असेल तर सहसा निगराणी पुरते. पण मार नसताना झाला तर बहुधा मेंदूच्या बुडाशी धमनीला आलेला फुगा फुटलेला असतो, आणि तो घाईचा आजार आहे. ओळख एकच: आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं, मिनिटभरात टोकाला गेलेलं. मग उलटी, मान ताठ. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे ‘ऊन लागलं’ किंवा ‘पित्त खवळलं’ म्हणून जातं. उन्हाचं डोकं चढत जातं. हे वीज पडल्यासारखं येतं. सहा तासांच्या आत केलेला चांगला सीटी हे रक्त सहसा चुकवत नाही. उशीर झाला आणि सीटी स्वच्छ दिसला तर डोकं दुखायला लागल्यापासून १२ तासांनी पाठीतलं पाणी तपासावं लागतं. माणूस पडलेला सापडला आणि रक्त मेंदूच्या बुडाशी आहे, तर पडल्याने रक्त आलं की रक्त आल्याने पडला, हा प्रश्न विचारून सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचा स्कॅन) करा.

फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त, म्हणून तो कॉइलने (आत बारीक तार भरून) किंवा क्लिपने (बाहेरून चिमटा लावून) लवकर बंद करायचा, आणि तोवर वरचा रक्तदाब १६० च्या आत. चौथ्या ते चौदाव्या दिवसात धमन्या आकसतात आणि बरा होत आलेला माणूस पुन्हा गळतो. त्यासाठी निमोडिपिन, ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस. तीसच्या गोळ्या मिळतात, म्हणजे दिवसाला १२, एकूण २५२. मध्यरात्रीचा आणि पहाटेचा डोस चुकवू नका. दाब पडत असेल तर गोळ्या बंद न करता डॉक्टरांना विचारून एकेक गोळी दर दोन तासांनी करून घेता येते.

लेकरांबद्दल थोडंच. टाळू उघडी असलेल्या बाळाच्या डोक्यात इतकं रक्त साचू शकतं की बाळ पांढरं पडतं. फक्त अंगावर पिणारं दोन आठवडे ते सहा महिन्यांचं बाळ अचानक सुस्त झालं, टाळू फुगली, तर जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं होतं का, ते आधी सांगा. घरी झालेल्या बाळंतपणात ते हमखास राहून जातं.

वडिलांसाठी सोमवारी जाताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, नावं पाठ सांगू नका. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर शेवटची गोळी कधी घेतली तो दिवस सांगा. वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघून व्हिटॅमिन के, प्लाझ्मा किंवा क्लॉटिंग फॅक्टर द्यावे लागतात. हृदयात धातूची झडप असेल तर कुठलीही गोळी मनाने थांबवू नका. रेशन कार्ड आणि आधार न्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी त्यावर होते. घरी आल्यावर पहिले दोन महिने रोज सकाळी त्यांना अंगणात दहा पावलं सरळ चालायला सांगा आणि दोन्ही हात समोर धरून दहा आकडे मोजा. पाय पुन्हा ओढायला लागला किंवा एक हात खाली उतरला तर पुढच्या तपासणीची वाट न बघता स्कॅन. आणि थांबवलेली गोळी पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, ते डिस्चार्ज कार्डवर लिहून मागा. लिहिलेलं नसेल तर वॉर्डातून निघू नका.